यार्डात उभी आहे तीच घ्यावी का?
खडबडीत, कच्च्या वाटांवर चालवायला फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी घेताना ‘सहा महिने थांबण्यापेक्षा डीलरकडे उभं आहे ते व्हेरियंट उचला’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. रंग, सनरूफ, टचस्क्रीन यांवर खुशाल पाणी सोडा. पण लो रेंजवाला (कमी वेगात जास्त ओढ देणारा) ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरबॉक्स, आणि शक्यतो मागचा डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) कारखान्यातूनच आलेला हवा. टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), बुडाखालचे संरक्षक पत्रे नंतर बसवता येतात. लो रेंज मागाहून घालायची म्हणजे अर्धी गाडी नव्याने बांधण्यासारखं आहे.

कुणाचं बुकिंग रद्द झालंय का, हे दर आठवड्याला विचारत राहा. आम्हाला तशीच मिळाली. मात्र ती किती दिवस उभी होती ते बघा. टायरच्या बाजूवर तारखेचा चार आकडी कोड असतो: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बॅटरीही तपासून घ्या, उभ्या गाडीत तीच आधी मान टाकते.

बुकिंगची रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. (लवकर डिलिव्हरीच्या बदल्यात ॲक्सेसरीजचा संच गळ्यात मारायचा प्रयत्न आमच्याकडेही झालाच!)