ट्रायकोग्रामाच्या जाती नेमक्या कशावरून ओळखाव्यात?

प्रश्न – ऊसकरी

उसावरील कांडी किडीसाठी आम्ही ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीने परजीवी केलेली अंडी चिकटवलेले कार्ड) लावतो. यंदा कार्डावरील काळ्या पडलेल्या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्या भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा काही पिवळसर तर काही बऱ्याच गडद दिसल्या. कार्डावर ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ असे छापलेले आहे, तर माझ्याकडील जुन्या पुस्तिकेत त्याच किडीसाठी ‘ऑस्ट्रॅलिकम’ सुचवले आहे. कार्डात दोन जातींची सरमिसळ झाली आहे, असे समजावे काय?

उत्तर – कीटकसंग्राहक

केवळ रंगावरून तसा निष्कर्ष काढू नये. एकाच जातीत नर आणि मादी यांचा रंग वेगळा असू शकतो, आणि वाढीच्या काळात तापमान कमी असेल तर तीच जात गडद निपजते. प्रथम प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची; इथे ट्रायकोग्रामाची) खात्री करावी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या या कीटकाचे डोळे लाल असतात, पायाच्या टोकाला तीनच पेरे असतात (हे संपूर्ण ट्रायकोग्रामाटिडी कुळाचे लक्षण आहे) आणि पुढच्या पंखावरील बारीक केस ओळींत मांडलेले असतात. मादीच्या शृंगिकेचे (डोक्यावरील मिशीसारख्या अवयवाचे) टोक एकाच पेराचे व गदेसारखे फुगीर असते. नरामध्ये मात्र पुढची सर्व पेरे जुळून एकच लांबट भाग झालेला असतो आणि त्यावर लांब केस असतात. ट्रायकोग्रामाटॉइडिया या जवळच्या प्रजातीतील नरांत ही पेरे सुटी राहतात, त्यामुळे दोन्ही प्रजाती वेगळ्या करताना नराची शृंगिका फार उपयोगी पडते.

उत्तर – सूक्ष्मदर्शक

कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी १८३३ मध्ये ही प्रजाती स्थापन केली, पण पुढे शंभरांहून अधिक वर्षे रंग आणि केस यांवरच भर राहिल्याने जातींचा मोठा गोंधळ झाला. तो निस्तरण्याचे श्रेय बंगळुरूत काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांना दिलेच पाहिजे. नराच्या जननेंद्रियाची रचना जातीनुसार बदलते आणि ओळखीसाठी तीच सर्वांत भरवशाची आहे, हे त्यांनी १९६८ पासूनच्या लेखांत दाखवून दिले. चिलोनिसच्या नरात जननेंद्रियाच्या पाठीकडील पातळ पटल त्रिकोणी असून त्याच्या दोन्ही बाजूंना गोलसर पाळ्या असतात. हे पाहण्यासाठी नमुना अल्कलीच्या द्रावणात उकळून पारदर्शक करावा लागतो आणि काचपट्टीवर पाठ वर येईल असा बसवावा लागतो. तो कलंडला की पटलाचा आकारच फसवा दिसतो.

आपल्या पुस्तिकेतील ‘ऑस्ट्रॅलिकम’ ही मुळात ऑस्ट्रेलियातून वर्णिलेली वेगळी जात आहे. भारतातील कीटकाला ते नाव चुकून लावले गेले होते. तो चिलोनिसच आहे. त्यामुळे पुस्तिका आणि कार्ड यांत प्रत्यक्षात विरोध नाही.

ऊसकरी

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. काचपट्टीसाठी नमुने पाठवायचे झाल्यास फक्त माद्या पाठवून चालेल काय?

सूक्ष्मदर्शक

चालणार नाही. अनेक जातींच्या माद्या बाह्यरचनेवरून वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून पिवळसर आणि गडद अशा दोन्ही रंगांचे नर अल्कोहोलमध्ये ठेवून पाठवावेत. काही समूहांत वोल्बाकिया या जिवाणूमुळे पिढ्यानपिढ्या माद्याच जन्मतात; अशा समूहाला प्रतिजैविक देऊन नर मिळवता येतात, नाहीतर डीएनएच्या आयटीएस-२ या भागावरून जात ठरवावी लागते. आपल्या कार्डात नर असतील, तर त्या खर्चात पडण्याची गरज नाही.