मदत हवी आहे: ब्रेडेड लाईन टाकल्यापासून तीन मोठे मासे गेले, चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातला, गिरणाकाठचा. लहानपणापासून तंगूस (नायलॉनची दोरी) आणि हातगळ एवढंच माहीत. तंगूस तर्जनीवर धरून बसायचं, माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं, हे वडिलांनी शिकवलं. मागच्या वर्षी रॉड आणि ३००० साइजचं रीळ घेतलं. दिवाळीनंतर त्यावरचा तंगूस काढून चार पदरी ब्रेडेड, म्हणजे बारीक सुतांची विणलेली दोरी, भरली. ०.२३ मिमी, १०० मीटर, पुडक्यावर १० किलो लिहिलंय.

पहिल्याच दिवशी पटलं की ही वेगळीच चीज आहे. पन्नास मीटरवर गळ खड्याला घासला तरी हाताला कळतो. वडिलांच्या बोटाला जे कळायचं ते मला पुन्हा कळायला लागलं, म्हणून ती सोडवत नाही. पण दोन महिन्यांत तीन मासे गेले, तिन्ही मोठे.

पहिला हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवकडच्या बाजूला. कटला असावा. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) पूर्ण आवळला तरी दोरी सुटतच राहिली, रीळ फिरवावं तर जोरच लागेना. तो बुडालेल्या बाभळीच्या खुंटात शिरला आणि संपलं. दुसरा आमच्या डोहात, मरळ होती. झटका मारला, वजन लागलं आणि एकदम ढिलं. दोरी ओढून पाहिली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखी वळी पडलेली. तिसरा काळ्या खडकाच्या कपारीत घुसला, तिथे दोरीचं टोक पिंजलेल्या कापसासारखं होऊन आलं.

गाठ वडिलांचीच मारतो: गळाच्या डोळ्यातून ओवून पाच-सहा वेढे आणि टोक परत खालच्या फासातून. तंगुसाला ती कधी सुटली नाही. मग दोरी खराब लागली की रीळ खराब आहे? जाडी वाढवू का? आणि गळ अडकल्यावर हाताला गुंडाळून ओढली तर करंगळीखाली सुरीने कापावं तशी चीर पडली, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.

तापीकाठ:
भाऊ, दोरीही चांगली आहे आणि रीळही. तुम्ही टोकं बघून ठेवलीत हे फार बरं केलं, उत्तर त्यातच आहे. टोकाला वळी असेल तर गाठ सरकून सुटली. पिंजलेलं असेल तर दगडाला घासली.

वडिलांची गाठ चूक नाही, ती नायलॉनची गाठ आहे. नायलॉन ताणतो, दबतो, वेढे एकमेकांना चावून बसतात. ब्रेडेडचं सूत पॉलिथिलीनचं, अंगाने गुळगुळीत, ताण जवळजवळ शून्य. तिच्यावर तेच वेढे हळूहळू घसरतात. पालोमार गाठ मारा. दोरी दुहेरी करून डोळ्यातून काढा, साधी गाठ सैल ठेवा, गळ त्या फासातून पलीकडे न्या, थुंकीने ओली करून सावकाश आवळा. ओली करणं विसरू नका. हे सूत साधारण १४५ अंशांना वितळतं, कोरडी गाठ झरकन आवळली की घर्षणानेच कमजोर होते. टोक पाच मिमी तरी सोडा.

कटल्याच्या वेळी ड्रॅग गेला नव्हता. सगळी दोरी स्पूलभोवती (दोरी गुंडाळायच्या चाकाभोवती) एकदम फिरत होती. खात्री करायची असेल तर ड्रॅग आवळून दोरी ओढा. स्पूल जागेवर आणि दोरी मात्र सरकतेय, तर हेच. सगळी दोरी काढा, आधी वीस-पंचवीस मीटर जुना तंगूस भरा आणि त्याला ब्रेडेड जोडा. नायलॉन स्पूलला धरून बसतो. ब्रेडेड भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा, नाहीतर वरचे वेढे खालच्यांत रुततात. स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिमी खाली थांबा.

मरळप्रेमी_धुळे:
खडकाचं मी सांगतो. ब्रेडेडला ओढीत तोड नाही, पण घासणीत ती हरते. एकेक बारीक सूत कापलं जातं आणि मग सगळीच जाते. जाडी वाढवून फरक थोडाच पडेल, पुढे गळाकडे मीटरभर लीडर, म्हणजे वेगळ्या जाड दोरीचा तुकडा, लावा. ०.५० मिमीचा नायलॉन चालतो, पाणी फार नितळ असेल तर फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी). शिवड्याच्या करवती दातांनाही तोच उपयोगी. जोडायला डबल युनी गाठ: ब्रेडेडचे आठ वेढे, नायलॉनचे चार-पाच.

ड्रॅगही सैल ठेवा. तंगूस ताणून झटका सोसतो, ही सोसत नाही, सगळा धक्का गाठीवर आणि माशाच्या जबड्यावर येतो. तराजूच्या काट्याने ओढून बघा, १० किलोच्या दोरीला अडीच किलोवर ड्रॅग सुटला पाहिजे.

आणि आपल्याकडे कापसाला तोटा नाही. बोंडातला एक पुंजका घ्या आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून आतून फिरवा. धागा अडकला की तिथे टवका गेलाय समजा. ती कडी बदला, नाहीतर ती दररोज दोरी कापत राहील.

तापीकाठ:
हाताचं राहिलं. अडकलेली ब्रेडेड कधीही हाताला गुंडाळू नका. जाड काठीला पाच-सहा वेढे द्या, रॉड बाजूला ठेवा आणि काठी धरून सरळ मागे चाला. तुटलेले तुकडे पाण्यात सोडू नका. ही दोरी कुजत नाही, आणि हतनूरला हिवाळ्यात किती पाखरं उतरतात ते तुम्ही पाहिलंच असेल. पायात एकदा अडकली की पाखरू सुटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, मनापासून आभार. जुना तंगूस खाली भरला, लीडर जोडला. कापूस दुसऱ्या कडीत अडकला, बोट फिरवल्यावर खरंच नखाला टवका लागला. पालोमार रात्री ओट्यावर बसून वडिलांना दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढली, दिव्यापुढे धरून बराच वेळ बघितली आणि मग स्वतः तीनदा मारून पाहिली.

एकच शंका. लीडरची जोडगाठ टोकाच्या कडीतून जाताना टक् वाजते, फेकही तोकडी पडते. लीडर दोन फुटांवर आणून गाठ कडीच्या बाहेरच ठेवली तर चालेल का?

मरळप्रेमी_धुळे:
चालेल. डोहात दोन फूट पुरे. खडकाच्या कपारीत मात्र मीटरभरच ठेवा, टक् वाजली तरी वाजू द्या. हात बसला की एफजी गाठ शिका, ती बारीक असते आणि कडीतून आवाज न करता जाते. आणि दर दोन-तीन माशांनंतर लीडरवरून बोट फिरवा. खरखरीत लागला की तेवढा कापून नवी गाठ मारा.