शब्दचर्चा: भोगवटा, ताबा आणि ‘नावावर होणं’

पत्रकवाला
सोसायटीसाठी मानीव अभिहस्तांतरणाचं (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर देत नसेल तेव्हा सरकारी आदेशाने जमीन-इमारत संस्थेच्या नावे करून घेणं) माहितीपत्रक मराठीत करतोय. ओसीला (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) ‘भोगवटा प्रमाणपत्र’ लिहिलंय. पण जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी जमीन, असं आहे, त्यामुळे सभासद विचारतात, भोगवटा मिळालाय ना, मग जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणखी कशाला? ओसीला दुसरा शब्द आहे का? ‘पूर्णत्वाचा दाखला’ चालेल?

जोतेतपासणी
नाही चालणार. पूर्णत्वाचा दाखला वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता देतो, काम मंजूर नकाशाबरहुकूम झालंय म्हणून. तो, अग्निशमनचा अंतिम ना-हरकत, लिफ्टचा परवाना वगैरे जोडून अर्ज केला की पालिका जागेवर तपासणी करून भोगवटा देते. म्हणजे पहिला म्हणतो बांधून झालं, दुसरा म्हणतो राहायला हरकत नाही. शिवाय ‘सीसी’चा घोळ आहेच: कम्प्लीशनही सीसी आणि कमेन्समेंटही सीसी. ‘सीसी आलीय’ असं विक्रीवाला छातीठोकपणे सांगतो तेव्हा ती बहुधा बांधकाम सुरू करण्याची परवानगी असते, आणि कधीकधी तीही जोत्यापुरतीच.

माय_मराठी
‘ताबा प्रमाणपत्र’ म्हणा ना सरळ! भोगवटा म्हटलं की प्रारब्धाचे भोग आठवतात.

दस्तऐवजी
ताबा मुळीच नको. ताबा बिल्डर देतो, भोगवटा पालिका देते. ‘फर्निचर करून घ्या’ म्हणत ओसीआधीच किल्ल्या हातात ठेवतात, त्या पावतीवरही ‘ताबा’च लिहिलेलं असतं. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांच्या) कायद्यात पालिकेच्या दाखल्याआधी ताबा देणं आणि घेणं दोन्हींना मनाई आहे. रेराच्या (२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १९(१०) प्रमाणे ओसी निघाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो. तुमच्या शब्दाने हे वाक्य लिहून पाहा: ‘ताबा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा घ्यावा.’
आणि ओसी हातात आली की आधी ‘अंशतः’ हा शब्द शोधा. कुठली विंग, किती मजले, किती सदनिका हे त्यात लिहिलेलं असतं. सातव्या मजल्यापर्यंतची ओसी नवव्या मजल्याच्या गिऱ्हाइकाला बिनदिक्कत दाखवली जाते.

व्युत्पत्तीवेडा
भोगवटा = भोग + पट्ट. ‘प’चा ‘व’ झाला, की झालं काम. राजाने भोगासाठी दिलेला पट्टा तो भोगवटा. वर्ग २ चा अर्थ त्यामुळे मूळचा, ओसीचा नंतर चिकटवलेला.

खोडरबर
मधलं ‘भोगवट्टा’ हे रूप एखाद्या जुन्या कागदात दाखवा, मग बोलू. तोवर ही व्युत्पत्ती नाही, कोटी आहे.

जोतेतपासणी
पट्ट असो की वाट, महसूल कायद्यातला भोगवटा जमिनीचा आणि पालिकेचा इमारतीचा. ‘इमारत भोगवटा प्रमाणपत्र’ लिहा, प्रश्न मिटला.

माय_मराठी
मिटला कसा? ‘मानीव अभिहस्तांतरण’ तसंच आहे की! हा काय शब्द आहे? खरेदीखत म्हणायला काय होतं?

खोडरबर
खरेदीतला फारसी आणि खतातला अरबी चालतो वाटतं ‘माय मराठी’ला? ‘मानीव’ तर कोरीव, रेखीव, आखीव यांचाच भाऊ, अस्सल घरचा प्रत्यय. अवजड आहे ते ‘अभिहस्तांतरण’.

दस्तऐवजी
खरेदीखत म्हटलं की सभासदाला स्वतःच्या फ्लॅटचा दस्त वाटतो. इथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे जाते. रेराप्रमाणे ओसीपासून तीन महिन्यांत आणि मोफाच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं असतं. नाही दिलं तर जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज, बिल्डरला नोटीस, सुनावणी, आदेश. मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (किती मुद्रांक शुल्क लागतं ते ठरवून घेणं) आणि शेवटी दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. अभिनिर्णयात गाडी अडते, कारण प्रत्येक सभासदाच्या करारावर पूर्वी मुद्रांक भरला होता का हे तिथे तपासतात. जुन्या इमारतीत दोन-तीन करार तरी कमी मुद्रांकाचे निघतातच. दुसरी अडचण क्षेत्रफळाची: नकाशात एक, मिळकत पत्रिकेवर दुसरं. आधी मोजणी करून घ्या.

पत्रकवाला
ही माहिती पत्रकात घेतो. ‘क्लिअर टायटल’ला काय लिहू? भाषांतराच्या यंत्राने ‘स्पष्ट शीर्षक’ दिलंय.

खोडरबर
यंत्राला एकदा पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायला द्या. ‘निर्वेध व विक्रीयोग्य मालकी हक्क’ असं तिथे छापून येतं. वेध म्हणजे गहाण, बोजा, दावा. वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतो तो यासाठीच.

जोतेतपासणी
माझ्या मते पत्रकातला सगळ्यात घातक शब्दप्रयोग ‘नावावर झालं’ हा आहे. दस्त नोंदवला, सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा) हातात पडली की लोक म्हणतात झालं नावावर. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा. पुढचे चार महिने दंड भरून, दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. फेरफार, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव बदलणं, हे वेगळं काम: नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग प्रमाणित. पालिकेच्या करबिलावर नाव लागणं तिसरंच, त्याने मालकी सिद्ध होत नाही. कित्येक संस्था अभिहस्तांतरणाचा दस्त नोंदवून थांबतात. मिळकत पत्रिकेवर बिल्डरचं नाव तसंच राहतं आणि पुनर्विकासाच्या वेळी त्याचे वारस उभे राहतात.

व्युत्पत्तीवेडा
जिथे नगर भूमापन झालेलं नाही, म्हणून मिळकत पत्रिकाच नाही, तिथे नाव सातबाऱ्यावर चढवावं लागतं, हेही लिहा.

माय_मराठी
‘सातबारावर’. बाराचं सामान्यरूप बाराच राहतं. ‘बाऱ्याच्या ठोक्याला’ म्हणता का?

व्युत्पत्तीवेडा
सातबारा आता आकडा राहिलेला नाही, आकारान्त नाम झालंय. वारा, वाऱ्यावर. दोरा, दोऱ्यावर.

पत्रकवाला
आणि ओसी?

खोडरबर
थांबा हो. मग ‘राजा’चं ‘राज्यावर’ करता का?