एकच फर्मवेअर, तीन देश: वायफाय-लोरा गेटवेत कंट्री कोड नक्की कुठे बसवायचा?

महापे_एम्बेडेड
नमस्कार मंडळी. औद्योगिक गेटवेचं बोर्ड आहे. योक्टोवर (लिनक्स इमेज बांधायचं साधन) बांधलेलं लिनक्स, ऍक्सेस पॉइंट म्हणून मिनी-पीसीआयई वायफाय कार्ड, एसएक्स१३०२ चा लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) कॉन्सन्ट्रेटर आणि सोबत ईएसपी३२ वरचे सेन्सर नोड. माल भारत, युरोप आणि अमेरिका अशा तिन्हीकडे जायचा आहे. होस्टएपीडीमध्ये (ऍक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्रॅम) कंट्री कोड, म्हणजे कुठल्या देशाचे रेडिओ नियम पाळायचे ते सांगणारी खूण, ‘आयएन’ दिला आहे, तरी तीन गोष्टी जुळत नाहीत.

एक, अथेरॉस चिपच्या कार्डांवर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ (लागू असलेले नियम दाखवणारी आज्ञा) मारलं की देश ‘९८’ दिसतो आणि चॅनेल १२-१३ गायब होतात. १०० ते १४४ तर कुठल्याच कार्डावर दिसत नाहीत. दोन, इंटेलच्या कार्डावर चॅनेल ३६ वर ऍक्सेस पॉइंट उठतच नाही, ‘नॉट अलाउड फॉर एपी मोड, नो-आयआर’ म्हणतो. तीन, युरोपच्या बिल्डमध्ये चॅनेल ११६ वर ८० मेगाहर्ट्झ ठेवलं की नेटवर्क दिसायला दहा-दहा मिनिटं लागतात.

असेंब्लीवाले म्हणतात, सगळीकडे ‘यूएस’ टाका, भानगड मिटेल. मिटेल का? की प्रत्येक देशाला वेगळी इमेज काढावी लागेल?

रेगडोमेन_राणे
‘यूएस’ टाकून भानगड मिटत नाही, फक्त दिसेनाशी होते. कारण शेवटी सांगतो.

कंट्री कोड एका जागी नसतो, हे आधी धरून चला. खालून वर मोजा: कार्डाच्या ईईपीरॉममधली किंवा ओटीपीमधली (वीज गेली तरी टिकणारी कार्डावरची मेमरी) रेग्युलेटरी नोंद आणि कॅलिब्रेशन, मग चिपच्या फर्मवेअरसोबतची बोर्ड फाइल (ब्रॉडकॉम घराण्यात सीएलएम ब्लॉब), मग कर्नलमधलं सीएफजी८०२११ (वायफायचे नियम राबवणारा भाग) आणि त्याची ‘रेग्युलेटरी डॉट डीबी’ (देशवार नियमांची फाइल, पुढे नुसती ‘डीबी’), आणि सगळ्यात वर होस्टएपीडी. चॅनेल चालू व्हायला सगळ्यांची परवानगी लागते आणि पॉवर ठरते ती सगळ्यांत कंजूष थराची. होस्टएपीडीत काहीही लिहिलंत तरी खालच्या थरानं नाही म्हटलं की नाहीच.

तुमचा ‘९८’ हा देश नव्हे. दोन नियमावल्यांचा छेद काढला की कर्नल तो आकडा दाखवतं. कार्डाच्या ईईपीरॉममध्ये अमेरिका आहे, तुम्ही वरून भारत सांगितलात, त्यामुळे दोन्हीकडे जे चालतं तेवढंच उरलं. अमेरिकेत व्यवहारात ११ चॅनेल, आपल्याकडे १३, म्हणून १२-१३ गेले. अथेरॉसच्या ड्रायव्हरची एक खोड लक्षात ठेवा: ईईपीरॉममध्ये ०x० असेल तर तो त्याचा अर्थ अमेरिकाच घेतो. स्वस्तातली, नोंद न भरलेली कार्डं हमखास अशी निघतात. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) ‘ईईपीरॉम रेगडोमेन’ची ओळ बघा, खात्री होईल. उपाय सॉफ्टवेअरचा नाही, खरेदीचा आहे. पुरवठादाराकडून बाजारपेठेप्रमाणे प्रोग्रॅम केलेली कार्डं मागवा आणि खरेदी ऑर्डरवर तसं स्पष्ट लिहा.

कर्नल कॉन्फिगमध्ये ‘सर्टिफिकेशन ओनस’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की ड्रायव्हरचे काही निर्बंध सैल करणारे पर्याय उघडतात. नावातच अर्थ आहे: चाचणीची आणि प्रमाणपत्राची जबाबदारी तुमची. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसताना त्याला हात लावू नका.

१०० ते १४४ न दिसण्याचं कारण बहुधा जुनी डीबी. भारतात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं परवानामुक्त झाला, आणि चिप विक्रेत्यांच्या बीएसपीत (बोर्डासोबत येणारं तयार सॉफ्टवेअर) त्याआधीच्या फायली अजून फिरत असतात. योक्टोमध्ये ‘वायरलेस-रेगडीबी-स्टॅटिक’ पॅकेज अद्ययावत करा. तिथे दोन खड्डे आहेत. सीएफजी८०२११ कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधीच तो डीबी शोधतो, ‘एरर -२’ देतो आणि वर्ल्ड डोमेनवर, म्हणजे देश माहीत नसतानाच्या सावध नियमांवर, ‘००’ वर, बसून राहतो. त्याला मॉड्यूल करा, नाहीतर डीबी आणि तिची पी७एस सही दोन्ही ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’मधून कर्नलमध्ये घाला. दुसरा खड्डा सहीचा. डीबीची देखभाल दुसऱ्या हातात गेली तशी सहीची किल्लीही बदलली. कर्नल जुनं आणि डीबी नवी असेल तर ‘सही अवैध’ म्हणून फाइल नाकारली जाते. सही तपासणंच बंद करणारे महाभाग आहेत. तसं करू नका, नवी किल्ली कर्नलमध्ये बॅकपोर्ट करा.

इंटेलचं सोपं आहे, म्हणजे उपाय नाही इतकं सोपं. ‘फाय#० सेल्फ-मॅनेज्ड’ दिसतंय ना? ते कार्ड आपण कुठल्या देशात आहोत हे स्वतःच्या फर्मवेअरमध्ये ठरवतं, तुमचा ‘आयडब्ल्यू रेग सेट’ तिथवर पोचत नाही. ‘नो-आयआर’ म्हणजे स्वतःहून प्रक्षेपण सुरू करायचं नाही, आधी दुसऱ्याचा बीकन ऐकायचा. लॅपटॉपसाठी हे योग्यच आहे. ऍक्सेस पॉइंटसाठी ते कार्ड चुकीचं, बीओएममधून (सुट्या भागांच्या यादीतून) काढा.

आता ‘यूएस’. तुमचा ऍक्सेस पॉइंट बीकनमध्ये देशाचं नाव ओरडून सांगतो. आजूबाजूचे फोन-लॅपटॉप ते ऐकून स्वतःची चॅनेल यादी ठरवतात. सोसायटीत एकानं अमेरिकेहून आणलेला राउटर लावला की शेजारच्या लॅपटॉपला घरचं १३ नंबरचं नेटवर्क दिसेनासं होतं, ते याचमुळे. युरोपात तर पॉवरचाच घोटाळा: २.४ गिगाहर्ट्झला तिथे एकूण ईआयआरपी (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणारी पॉवर) २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर), अमेरिकेच्या नियमात ३० डीबीएम आउटपुट आणि वर ६ डीबीआय गेनचा (एका दिशेला जोर देणारा) अँटेना.

डीबी_जोशी
राणे यांनी अँटेना राहू दिली, आणि मालाला खरी गोची तिथेच होते. नियमांच्या डीबीतला आकडा सॉफ्टवेअर पाळतं, पण टोकाला कुठला दांडा लावला हे सॉफ्टवेअरला दिसत नाही.

हिशेब असा: आउटपुट अधिक अँटेनाचा गेन वजा केबलचा लॉस. कार्ड २० डीबीएम देतंय, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला फायबरग्लासचा ९ डीबीआय अँटेना, केबल-कनेक्टरमध्ये १ डीबी (डेसिबल) गेला, तर बाहेर २८ डीबीएम. भारतात २.४ गिगाहर्ट्झला मर्यादा ३६, चालतं. युरोपात ८ डीबीनं जास्त. तिथे आउटपुट १२ वर आणायला हवं, म्हणजे ‘सेट टीएक्सपॉवर फिक्स्ड १२००’. एकक डीबीएमचा शंभरावा भाग आहे, तिथे १२ लिहाल तर भलतंच होईल. कार्डाला दोन चेन असतील तर ड्रायव्हर दाखवतो तो आकडा एका चेनचा की एकूण, हे मीटर लावून तपासा. ३ डीबी तिथे सहज निसटतात.

म्हणून देशासोबत अँटेनाचा गेनही फॅक्टरी डेटात हवा, आणि चाचणी अहवालात नाही असा अँटेना पेटीत नको.

एअरटाइम_ताई
लोराचं वेगळंच दुखणं. तिथे देश सांगणारा बीकन नाही आणि कर्नलचा पहाराही नाही. नोडमध्ये जो प्रदेश कंपाइल केलात, तो रेडिओ बिनबोभाट पाठवतो.

भारतासाठी आयएन८६५ हे लोराचं प्रोफाइल. ठरलेले तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ, आरएक्स२ (नोडनं उत्तर ऐकायची दुसरी खिडकी) ८६६.५५० वर एसएफ१० ने (एसएफ जितका मोठा तितका संदेश हळू, पण लांब पोचणारा), ईआयआरपीची कमाल ३० डीबीएम. बाजारात ‘८६८’ म्हणून मिळणारं मॉड्यूल हार्डवेअर म्हणून बहुतेकदा चालतं, पण त्यातलं फर्मवेअर ईयू८६८ वर असतं आणि ८६८.१, ८६८.३, ८६८.५ वर जॉइन (नेटवर्कमध्ये घ्या अशी विनंती) पाठवतं. आपला परवानामुक्त पट्टा ८६८ ला संपतो. म्हणजे तो नोड पट्ट्याबाहेर बोलतोय आणि वर तुमच्या गेटवेला ऐकूही येत नाही. ‘जॉइन होत नाही’ या तक्रारीत रेंज मोजत बसण्याआधी हे बघावं.

९१५ चं मॉड्यूल मुंबईत टेबलावरसुद्धा अँटेना लावून चालू करू नका. ८९० ते ९१५ हा मोबाइल कंपन्यांचा अपलिंक आहे. अमेरिकेचा ९०२ पासूनचा पट्टा थेट त्यावर चढतो आणि टॉवरच्या रिसीव्हरला त्रास होतो. अमेरिकेच्या मालाची चाचणी डमी लोड आणि ऍटेन्युएटर लावून शील्ड बॉक्समध्ये करा.

युरोपात ड्युटी सायकल (एकूण वेळेपैकी किती वेळ हवेत बोलायचं त्याची मर्यादा) सांभाळायची. ८६८.० ते ८६८.६ मध्ये १ टक्का, म्हणजे तासाला ३६ सेकंद, २५ मिलिवॅट ईआरपी (ईआयआरपीसारखंच माप, पण डायपोल अँटेनाच्या तुलनेत). २० बाइट पेलोड, १३ बाइट लोरावॅनचं (लोरावर चालणारा नेटवर्क प्रोटोकॉल) वेष्टण, एसएफ१२, १२५ किलोहर्ट्झ: एक संदेश साधारण १.८ सेकंद हवेत असतो. म्हणजे तासाला १९, विसावा नाही. भारतातल्या प्रोफाइलमध्ये ही अट नसल्यानं इथे मिनिटाला एक रीडिंग पाठवून ‘सगळं चालतं’ असं वाटतं आणि तोच कोड युरोपात नियम मोडतो. मोजणी नोडमध्ये हवी, आणि नोड रीसेट झाला म्हणून शिल्लक पुन्हा ३६ सेकंद व्हायला नको. गेटवेलाही हाच हिशेब लागू, ऍकनॉलेजमेंट हात सैल सोडून पाठवू नका.

पॅकेट फॉरवर्डरच्या (गेटवे आणि सर्व्हर यांच्यात लोराचे संदेश नेणारा प्रोग्रॅम) ग्लोबल कॉन्फमध्ये ‘अँटेना गेन’ हे खातं असतं, बहुतेक जण ते ० ठेवतात. सर्व्हर ईआयआरपी सांगतो, फॉरवर्डर त्यातून हा गेन वजा करतो. ० ठेवलात तर जेवढ्या डीबीआयचा अँटेना तेवढ्यानं मर्यादा ओलांडली.

महापे_एम्बेडेड
डीमेसेज पाहिला, ईईपीरॉम रेगडोमेन ०x० च आहे. डीबीही जुनी निघाली, नवी टाकल्यावर ‘सही अवैध’. राणे, तंतोतंत. आता चॅनेल ११६ चं सांगा. रडार शोधणं बंद करायचा पॅच कुठेतरी दिसला होता.

पश्चिम_उपनगर_आरएफ
तो पॅच लावू नका. अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, सी-बँडचं. डीएफएस (रडार ऐकू आलं की चॅनेल सोडायची पद्धत) ज्यांच्यासाठी आहे ती यंत्रणा तुमच्या गच्चीच्या रेषेत उभी आहे. पावसाळ्यात मुंबईला ढगांचं चित्र मिळतं ते असल्या रडारांतून, त्यात कुणाच्या राउटरची रेघ उमटायला नको.

चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ वर बीकन टाकण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं. युरोपात ५६०० ते ५६५० हा हवामान रडारांचा पट्टा, तिथे ऐकणं १० मिनिटं. ११६ वर ८० मेगाहर्ट्झ मागितलंत की ब्लॉक होतो ५५७० ते ५६५०, म्हणजे तुम्ही स्वतःहून त्या पट्ट्यात शिरलात. १०० ते ११२ चा ब्लॉक ५५७० ला संपतो, तो घ्या, मिनिटभरात उठेल. रडार सापडलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि ३० मिनिटं परत यायचं नाही. होस्टएपीडीला पर्यायी चॅनेलची यादी द्या आणि तिच्यात ३६ ते ४८ मधलं एक ठेवा, नाहीतर पर्याय शोधताना तो पुन्हा मिनिटभर गप्प बसेल.

खोटं रडार वारंवार लागत असेल तर आधी स्वतःच्या पेटीत शोधा. त्याच खोक्यात दुसरा ५ गिगाहर्ट्झ रेडिओ जवळच्या चॅनेलवर असला की त्याचे तुकडे डिटेक्टरला पल्ससारखे दिसतात.

ईएसपी३२ चंही सांगतो, ते कोणी घेतलं नाही. मुळात त्याचा देश ‘०१’ असतो, १ ते ११ चॅनेल, पॉलिसी ऑटो. ऑटोमध्ये जोडलेल्या ऍक्सेस पॉइंटच्या बीकनमधला देश तो घेतो आणि जोड तुटली की आपल्या मूळ देशावर परततो. तुमचा गेटवे १३ वर असेल तर ‘०१’ वरच्या नोडला तो सापडेलच असं धरू नका. एकतर कंट्री कोड ‘आयएन’ द्या, किंवा गेटवे १, ६, ११ वर ठेवा. दुसरा मार्ग तिन्ही देशांत चालतो, मी तोच धरेन. कमाल पॉवरचं एकक पाव डीबीएम आहे: ८० म्हणजे २० डीबीएम.

रेगडोमेन_राणे
मूळ प्रश्न राहिला. इमेज एकच ठेवा, पण देश इमेजमध्ये नको आणि वेब पानावरच्या ड्रॉपडाउनमध्येही नको. अमेरिकेचा दूरसंचार नियामक एफसीसी अशी निवड ग्राहकाच्या हातात देऊ देत नाही. २०१६ मध्ये टीपी-लिंकनं अशाच प्रकरणात २ लाख डॉलर भरले: देश बदलला की २.४ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर मंजुरीपेक्षा जास्त पॉवर निघत होती. त्याच तडजोडीत बाहेरचं ओपन-सोर्स फर्मवेअर चालू देण्यासाठी काम करायचंही ठरलं. म्हणजे रेडिओच्या मर्यादा कुलपात ठेवा, सगळा राउटर नव्हे.

व्यवहारात: वेगळं फॅक्टरी पार्टिशन, त्यात अनुक्रमांक, देश, अँटेना गेन आणि लोरा प्रदेश, त्यावर तुमची सही. बूटच्या वेळी सही तपासायची. सही चुकली किंवा पार्टिशन रिकामं असलं तर ‘००’ वर, फक्त १ ते ११, लोराचा ट्रान्समिटर बंद. यू-बूटच्या (लिनक्सआधी चालणारा बूटलोडर) एन्व्हायरनमेंटमध्ये ठेवू नका, सीरियल केबल असलेला कोणीही बदलेल. ओटीए (नेटवर्कवरून येणारं अपडेट) आणि फॅक्टरी रीसेट दोन्हीनं या पार्टिशनला शिवू नये, हे चाचणीत मुद्दाम करून पाहा. फॅक्टरी रीसेटचा स्क्रिप्ट सगळी फ्लॅश पुसणारा निघाला की परदेशातला माल ‘००’ वर जाऊन बसतो आणि ग्राहक ५ गिगाहर्ट्झ गेलं म्हणून फोन करतो.

लाइनवर शेवटचं स्टेशन: ‘आयडब्ल्यू रेग गेट’ आणि ‘आयडब्ल्यू फाय’चं आउटपुट घेऊन त्या देशाच्या मंजूर फाइलशी ओळ न ओळ जुळवायचं. कार्डाची खेप बदलली की पहिला इशारा इथेच मिळतो.

कागदाचं थोडक्यात. भारतासाठी ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी) सरल संचार पोर्टलवरून, आणि टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र) एमटीसीटीईच्या, म्हणजे सक्तीच्या चाचणी-प्रमाणपत्राच्या, यादीत तुमचा प्रकार येतो का ते पाहा. ६ गिगाहर्ट्झचं कार्ड घ्यायचा मोह होत असेल तर त्या पट्ट्याची राजपत्रातली अधिसूचना स्वतः वाचून मगच चॅनेल उघडा. मे २०२५ च्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झला कमी पॉवरची सूट फक्त इमारतीच्या आत होती, बाहेर फक्त अतिशय कमी पॉवरला. छतावर लावायच्या गेटवेला तिचा फारसा उपयोग नाही.

चाचणीला पाठवलेल्या नमुन्यातली डीबीची आवृत्ती, बोर्ड फाइलचा हॅश आणि कार्डाचा ईईपीरॉम डंप अहवालासोबत जपून ठेवा. पुढच्या ओटीएत यातलं काही बदललं, तर पॉवर पुन्हा मोजल्याशिवाय अपडेट सोडू नका.