मैसूरच्या राणीचा दंड: पुरावा की कल्पनाविलास?

कुंचला: सगळीकडे एक पोस्ट फिरतेय. थॉमस हिकीने १८०५ च्या सुमारास काढलेलं मैसूरच्या तीन राजस्त्रियांचं तैलचित्र, आणि खाली 'भारतातली देवीच्या लसीची पहिली जाहिरात, पुरावा समोर आहे!' कसला पुरावा? धाकट्या देवाजम्मणीचा डावा दंड उघडा आहे, म्हणून तिने लस टोचून घेतली. थोरलीच्या (तीही देवाजम्मणीच) तोंडाभोवती फिकट डाग, म्हणून तिला जुन्या पद्धतीने देवी टोचलेल्या. तिसरी राजाची आजी, लक्ष्मी अम्मणी. हा इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी लावलेला अर्थ आहे, कोरीव लेख नव्हे. त्याआधी याच बायकांना नाचणाऱ्या ठरवलं होतं. तेव्हाही लोक एवढ्याच खात्रीने बोलत असणार!

मलमपट्टी: नुसत्या दंडावरून नाही हो ठरवलं. राजा, म्हणजे या दोघी देवाजम्मणींचा नवरा, ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ मध्ये गादीवर बसवलेला. १८०५ मध्ये धाकटीशी लग्न, नवरी बारा वर्षांची. त्याआधी १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला पहिली लस, आणि तिथून दंडादंडावरून, म्हणजे एकाच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत, लस दक्षिणेत. राणीने टोचून घेतल्यावर लोक पुढे येऊ लागले, अशी १८०६ ची नोंदही आहे.

कुंचला: राणीने लस घेतली हे मान्यच आहे. चित्र त्यासाठीच काढलं, हे कुठे लिहिलंय?

देशी_घोडा: आलं का इंग्रजांचं कौतुक! बंगालात टिकेदार पिढ्यान्‌पिढ्या देवी टोचत होते. त्यांचं तैलचित्र कोण काढणार?

मलमपट्टी: टिकेदार खऱ्या देवीचाच पू टोचायचे. टोचून घेणारा बहुधा वाचायचा, पण त्याच्यापासून शेजाऱ्याला देवी यायच्या. कोलकात्यात १८६५ मध्ये कायद्याने बंद केलं ते उगाच नाही.

देशी_घोडा: कायदा कोणाचा? त्यांचाच. आणि दंडादंडावरून लस नेताना दुसरे रोग जात नव्हते वाटतं? डॉक्टर असाल तर तेही सांगा की.

मलमपट्टी: जात होते. सांगितलं. आता टिकेदारांचा शेजारी कसा वाचायचा तेवढं तुम्ही सांगा.

कुंचला: अहो, धागा चित्राचा आहे! भांडायचं तर वेगळा काढा.

माईआत्या: मी चित्राचंच बोलते. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. लग्नानंतर स्टुडिओत फोटो काढला, तर फोटोवाल्याने न विचारताच गाल गुळगुळीत करून दिले. शेवटपर्यंत ती म्हणायची, "ही कोण बाई?" पैसे घेऊन तोंड रंगवणारा माणूस डाग आपणहून ठेवत नाही. हिकीने राणीचा ठेवलाय. कोणीतरी 'राहू दे' म्हटल्याशिवाय?

देशी_घोडा: म्हणजे थोरलीचा डाग टिकेदाराचा. आमचंही चित्र निघालं म्हणायचं!

कुंचला: बरं, डाग घ्या तुम्ही, सगळे मिळून वाटून घ्या. दंड मी सोडणार नाही. उघडा दंड दागिने दाखवायलाही असतो.

मलमपट्टी: बाजूबंद दाखवायला पदर सरकवून वर बोट ठेवावं लागत नाही.

कुंचला: चित्रकार हात कुठेतरी ठेवायला सांगतोच. नुसते लोंबते ठेवले तर तुम्ही त्याचाही रोग काढाल.