प्रति: मोझार्टचे व्हिडिओ आणि अंकओळख
बाळांना अंक शिकवणाऱ्या व्हिडिओंमधलं मोझार्टचं (पाश्चात्त्य संगीतकार) संगीत ऐकवल्याने बाळाची बुद्धी वाढते हे सिद्ध झालंय, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. ते पटत नाही. हे सगळं ज्या प्रयोगावरून सुरू झालं तो १९९३ सालचा. त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजची ३६ मुलं होती. मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा (वाद्यसंगीताची रचना) ऐकून आकारांची कोडी त्यांना जरा बरी सुटली, आणि तो परिणाम १०-१५ मिनिटांतच ओसरला.

संगीत जरूर लावा, सुंदरच आहे ते! पण माझी लेक दीड वर्षाची असताना स्क्रीनवरच्या अंकांकडे नुसती टक लावून बघायची. मोजायला शिकली ती जिन्यावर, माझं बोट धरून, पायरीगणिक 'एक, दोन, तीन' म्हणत. तीननंतर कितीतरी महिने थेट दहाच यायचे.