शब्दचर्चा : 'गॉथिक'ला आणि 'न्वार'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि प्रेत कितव्या माळ्यावर?)

तिसरी_घंटा
मुंबईतल्या एका लेखन-कार्यशाळेच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करायचा आहे. विषय : आजची गॉथिक आणि न्वार कथा कशातून येते आणि कशी रचली जाते. अडलंय दोन ठिकाणी. 'गॉथिक'साठी गूढकथा आणि 'न्वार'साठी रहस्यकथा असे शब्द सुचवले गेले, पण मला दोन्ही पटत नाहीत. दुसरं म्हणजे, नमुन्याच्या उताऱ्यात प्रेत 'माळ्यावर' सापडतं. मजकूर तपासणाऱ्यांनी समासात लिहिलं : 'कितव्या?'

खिळेजुळारी
रहस्यकथा नकोच. रहस्यकथेत प्रश्न असतो 'कुणी केलं', आणि शेवटी गुन्हेगार सापडून घडी पुन्हा बसते. न्वारमध्ये कुणी केलं हे पुष्कळदा पहिल्याच पानावर माहीत असतं आणि घडी कधीच बसत नाही. गूढकथेचंही तसंच. गॉथिकमध्ये भूत असलंच पाहिजे असं नाही. जुनी वास्तू, दडवलेला गुन्हा आणि त्याचा वारसा एवढं पुरतं.

शब्दांचा इतिहास मात्र तुमच्या कामाला येईल. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलची 'कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी १७६४च्या अखेरीस आली ती जुन्या इटालियन हस्तलिखिताचा अनुवाद म्हणून. अनुवाद खोटा होता. १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक म्हणून पुढे येऊन 'ए गॉथिक स्टोरी' हे उपशीर्षक जोडलं. फ्रेंचांनी या इंग्रजी गॉथिक कादंबऱ्यांना नाव दिलं 'रोमां न्वार', म्हणजे काळी कादंबरी. पुढे १९४५मध्ये गालिमार प्रकाशनाने मार्सेल द्युआमेलच्या संपादनाखाली 'सेरी न्वार' ही गुन्हेकथांची माला काढली आणि १९४६मध्ये समीक्षक नीनो फ्रँकने काही अमेरिकी गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' म्हटलं. म्हणजे तुमचे दोन शब्द एकेकाळी एकच होते.

पागोळी
मग मराठीत 'काळी कादंबरी' म्हणायला हरकत काय? किंवा 'कृष्णकथा'. आपल्याकडे शब्द असताना तीन तऱ्हांनी लिहिला जाणारा फ्रेंच शब्द कशाला? कुणी नॉयर लिहितं, कुणी नुआर, कुणी न्वार.

खिळेजुळारी
पागोळीताई, 'कृष्णकथा' छापलंत तर ते पुस्तक दुकानात गोकुळअष्टमीच्या पुस्तकांशेजारी लागेल. 'काळी' म्हटलं की पुढे 'जादू' येतेच. इटालियन लोक गुन्हेकथेला 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळी, कारण मोंदादोरी प्रकाशनाने १९२९पासून ही पुस्तकं पिवळ्या वेष्टनात काढली. रंगाचं नाव त्या त्या भाषेतल्या पुस्तकांमुळे चिकटलं. आपल्याकडे 'पिवळं पुस्तक' म्हणाल तर भलताच अर्थ होईल. उच्चार मात्र 'न्वार'च. तेवढं पत्रकात एकसारखं ठेवा.

कटर_लावा
न्वारचा काळा रंग शाईचा नाही, उजेडाचा आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. चित्रपटाच्या सेटवर आधी सगळं काळं धरायचं, मग एक मुख्य दिवा बाजूने आणि उंचावरून लावायचा, समोरून सावल्या भरून काढणारा दिवा जवळजवळ शून्यावर आणायचा आणि कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) लावून भिंतीवरचा सांडलेला उजेड कापायचा. नवशिक्याची चूक ठरलेली : तो सगळाच उजेड कमी करतो. मग काळोख दिसत नाही, चित्र नुसतं मळकट होतं. काळं दिसायला फ्रेममध्ये एक खणखणीत पांढरी जागा लागते.

लिहितानाही हेच. सगळं शहर उदास लिहिलं की न्वार होत नाही. नायकाला एक ठरावीक रक्कम लागते, ठरावीक तारखेपर्यंत लागते, आणि ती मिळवायला तो घेतो तो प्रत्येक निर्णय त्या घडीला शहाणपणाचाच वाटतो. अपघाताने बुडाला तर ते नुसतं दुर्दैव. स्वतःच्या हिशेबाने बुडाला तर न्वार. म्हणून माझं मत 'काजळकथा'. काजळी दिव्यामुळेच धरते.

पागोळी
काजळकथा सुंदर आहे. घ्या.

खिळेजुळारी
सुंदर आहे, पण 'काजळ' म्हटलं की वाचकाला आधी डोळे दिसतात. 'काजळी' आणि 'काजळ' एक नव्हे.

गिरगावचा_वासा
गॉथिककडे कुणी पाहणार आहे का? मुंबईत हा शब्द ऐकला की लोकांना राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी आठवतात. त्यात चूक नाही, २०१८च्या जागतिक वारशाच्या नोंदीतही व्हिक्टोरियन गॉथिक हेच नाव आहे. पण पत्रकावर टोकदार कमानी आणि गार्गॉइल छापलं की कथा तिथेच मरते. (गार्गॉइल म्हणजे पाणी ओतणारं तोंड. पाणी वाहत नसेल तर ते नुसतं कोरलेलं भेसूर तोंड. सरसकट एकच शब्द वापरू नका.)

मराठी गॉथिकचं घर म्हणजे पागडीची चाळ. मालक एक, हक्क दुसऱ्याचा, आणि भाडेपावती अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाची धोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी येते, तरी माणसं टेकूंमधून वाट काढत राहतात. मेलेला माणूस घर सोडत नाही, हे तिथे कागदावर सिद्ध होतं.

लिहिण्याआधी घराचा नकाशा काढा. जिना कुठे, गॅलरी कुठल्या बाजूला, दुपारी चारला ऊन कुठल्या दारापर्यंत येतं, कुठली खोली बंद आणि किल्ली कुणाकडे. जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीत तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथे ओल अडकते आणि वारा लागत नाही. लेखक मात्र करकर ऐकवतात खोलीच्या मधोमध. आवाज भिंतीतून आला पाहिजे. 'घर फिरलं की वासे फिरतात' या म्हणीत अख्खं गॉथिक आहे, म्हणून मी म्हणतो 'वास्तुकथा'.

तिसरी_घंटा
वास्तुकथा वाचून लोक पूर्वेला दार असलेला फ्लॅट शोधायला येतील, ही माझी खरी भीती आहे. आणि मग 'झपाटलेलं घर' म्हणायचं की 'पछाडलेलं'?

गिरगावचा_वासा
पछाडलेला माणूस असतो. घर झपाटलेलं चालेल. पण घरात कुणी तसं बोलत नाही, 'जागा चांगली नाही' एवढंच म्हणतात. संवादात तेच ठेवा. जास्त भीती त्यात आहे.

पागोळी
आणि माळा? माळा म्हणजे कौलांखालची जागा, जिथे नारळ, सरपण ठेवतात. प्रेत तिथेच आहे. मुंबईकरांनी गुजरातीच्या वळणाने मजल्याला 'माळा' म्हणायला सुरुवात केली, त्याचा भार अनुवादकाने का वाहावा?

कटर_लावा
कारण वाचक मुंबईत आहे. 'तिसऱ्या माळ्यावर' हे मराठी आहे. आणि शुद्धच हवं असेल तर 'मजला' तरी कुठला घरचा? तो 'मंझिल'वरून आला.

पागोळी
मजला रुळलाय, त्याबद्दल तक्रार नाही. माळा रुळला म्हणून त्याचा जुना अर्थ हाकलू नका, एवढंच.

खिळेजुळारी
'पोटमाळा' लिहा, म्हणजे 'कितव्या' विचारायची वेळ येणार नाही.

गिरगावचा_वासा
पोटमाळ्यावर माणूस ताठ उभा राहत नाही, ओणवं होऊन सरकावं लागतं. तिथे प्रेत एकट्याने चढवता येत नाही, खालून एक जण आणि वरून एक जण लागतो. मूळ उताऱ्यात खुनी एकटाच आहे ना? मग शब्द बदलला की गुन्हेगार दोन होतात.

तिसरी_घंटा
एकटाच आहे. आणि घर कौलारू नाही, गच्चीचं आहे.

पागोळी
गच्चीखाली माळा? मग मूळ लेखकाचंच घर चुकलंय.